हिपॅटायटिस सी: सार्वजनिक दवाखान्यात कमी खर्चात उपचार पूर्ण कसे करावेत

हिपॅटायटिस सी हा यकृताला ग्रासणारा विषाणूचा आजार. 2013 पर्यंत त्याचा उपचार म्हणजे एक शिक्षाच होती. दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन, जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि हे अनेकांना 48 आठवडे. ताप, अंगदुखी, केसगळती, नैराश्य असं सगळं सोसूनही जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात विषाणू तसाच राहायचा. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली आणि उपचाराचा नूरच पालटला. अडचण एवढीच की तिथे एका गोळीची किंमत होती 1,000 डॉलर, म्हणजे 12 आठवड्यांच्या कोर्सचे 84,000 डॉलर.

पुढे जेनेरिक औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना परवाने मिळाले आणि भाव कोसळले. 2023 मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या सार्वजनिक खरेदीसाठी सोफोसबुव्हिर आणि डॅक्लॅटासव्हिर यांचा 12 आठवड्यांचा कोर्स 60 डॉलरपर्यंत खाली आला. त्यामुळे अनेक सार्वजनिक दवाखान्यांत या गोळ्या आज फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात.

मग पैसे जातात कुठे? नको असलेल्या चाचण्यांत, पुन्हा पुन्हा रक्त देण्यात, प्रवासात, बुडालेल्या कामाच्या दिवसांत. आणि याहून मोठं नुकसान असं की पहिली चाचणी आणि पहिली गोळी यांच्यामधल्या फेऱ्यांना कंटाळून माणूस दवाखान्यात जाणंच सोडून देतो. म्हणून हा लेख गोळ्यांपेक्षा फेऱ्यांबद्दल जास्त आहे. कोणती चाचणी खरोखर लागते, कोणती टाळता येते, दवाखान्यात नेमकं काय विचारायचं आणि कोणत्या रुग्णाने थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

तपासून कुणी घ्यायचं

हा विषाणू रक्तातून पसरतो. निर्जंतुक न केलेल्या सुया आणि सलाईनच्या नळ्या, तपासणी न झालेलं रक्त, डायलिसिस, नशेसाठी एकमेकांची सुई किंवा इतर साहित्य वापरणं, स्वच्छता न पाळणाऱ्या ठिकाणी केलेलं गोंदण किंवा कान-नाक टोचणं, दुसऱ्याचं रेझर या त्याच्या मुख्य वाटा. 1989 मध्ये हा विषाणू ओळखला गेला आणि त्यानंतरच दात्यांचं रक्त त्यासाठी तपासायला सुरुवात झाली. त्यामुळे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला किंवा त्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं त्यांनी एकदा तरी चाचणी करून घ्यावी. गरोदर आईला संसर्ग असेल तर साधारण शंभरातल्या पाच-सहा बाळांना तो होतो. शरीरसंबंधातून धोका कमी असतो. रक्त येण्याची शक्यता असेल किंवा जोडीला एचआयव्ही असेल तर तो वाढतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा अंगावर पाजल्याने हा आजार होत नाही.

लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. संसर्ग झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही, कावीळही क्वचितच होते. साधारण 30 टक्के लोकांचं शरीर सहा महिन्यांच्या आत स्वतःहून विषाणू संपवतं. उरलेल्या 70 टक्क्यांमध्ये तो ठाण मांडतो आणि हळूहळू यकृतावर व्रण पडत जातात. अशांपैकी 15 ते 30 टक्के लोकांना 20 वर्षांच्या आत सिरोसिस होतो, म्हणजे व्रणांनी यकृत कडक आणि निबर होतं. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग आहे आणि त्यातल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दोन चाचण्या, पण शक्यतो एकाच फेरीत

पहिली चाचणी अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांची. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावर ती होते आणि उत्तर अर्ध्या तासाच्या आत मिळतं. या चाचण्यांसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते.

ती 'पॉझिटिव्ह' आली की अनेकांना वाटतं, झालं, आपल्याला हिपॅटायटिस सी आहे. तसं ठरत नाही. अँटीबॉडी फक्त एवढंच सांगते की विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला. शरीराने तो स्वतः संपवला असेल तरी ती दिसते, उपचाराने बरं झालेल्या माणसातही ती बहुधा आयुष्यभर दिसत राहते. विषाणू आत्ता रक्तात आहे का, हे सांगते दुसरी चाचणी: आरएनए, म्हणजे लोक ज्याला 'व्हायरल लोड' म्हणतात ती. काही ठिकाणी तिच्याऐवजी कोअर अँटिजेनची चाचणी करतात, तीही चालते. दुसऱ्या चाचणीशिवाय कुणी गोळ्या सुरू करत असेल तर थांबा आणि विचारा.

सगळ्यात जास्त लोक गळतात ते या दोन चाचण्यांच्या मधे. रिपोर्ट घ्यायला एकदा यायचं, मग दुसऱ्या चाचणीसाठी वेगळ्या दिवशी, मग तिच्या रिपोर्टसाठी आणखी एकदा. म्हणून पहिल्याच दिवशी सिस्टरना किंवा लॅबमध्ये विचारा, "अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर आरएनएसाठी रक्त आजच घेता येईल का?" अनेक प्रयोगशाळा एकाच नमुन्यावर दोन्ही चाचण्या करतात, फक्त मागणीच्या कागदावर डॉक्टरांनी तसं लिहायला हवं. दवाखान्यात क्षयरोगाच्या निदानासाठी जीनएक्स्पर्ट यंत्र असेल तर त्याच यंत्रावर हिपॅटायटिस सीची आरएनए चाचणीही होऊ शकते. तिला साधारण तासभर लागतो. त्यासाठी लागणारी कार्ट्रिज (यंत्रात घालायच्या चाचणीच्या डब्या) दवाखान्याकडे आहेत का, एवढं विचारायला संकोच करू नका. कोरड्या कागदावर घेतलेले रक्ताचे थेंब दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायची सोयही काही ठिकाणी असते.

घरी स्वतः करायच्या अँटीबॉडी चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. लोकांसमोर विचारायची लाज वाटणाऱ्यांसाठी ती बरी. पण ती पॉझिटिव्ह आली तर आरएनए टळत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. सुई टोचली गेल्यासारखा ताजा धोका असेल तर अँटीबॉडी दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो. अशा वेळी धोक्याची तारीख डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते योग्य चाचणी निवडतील.

आरएनए 'आढळला नाही' असा आला तर तुम्हाला आत्ता संसर्ग नाही आणि उपचाराची गरज नाही. तो रिपोर्ट जपून ठेवा.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं

ओळखीचा कागद, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी. यादी आठवून सांगण्यापेक्षा पिशवीच न्या, कारण अॅसिडिटीची गोळी, झोपेची गोळी, जडीबुटीचं चूर्ण या गोष्टी 'औषध' म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाहीत आणि नेमक्या त्याच अडचणीच्या ठरू शकतात. केसपेपर काढताना खिडकीवर आजाराचं नाव मोठ्याने सांगायची गरज नाही. 'लिव्हरची तपासणी' म्हटलं तरी पुरतं.

डॉक्टरांना मात्र खरं सांगा. दारू किती, नशेची सुई कधी वापरली का, गरोदरपणाची शक्यता आहे का. दारू पिणाऱ्याला किंवा नशा करणाऱ्याला उपचार नाकारायला वैद्यकीय आधार नाही. आजच्या मार्गदर्शक सूचना अशांनाही उपचार द्या असंच सांगतात. "आधी व्यसन सोड, मग ये" असं कुणी म्हटलं तर शांतपणे दुसऱ्या डॉक्टरांना किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

आणि हो, साध्या एमबीबीएस डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित परिचारिकांनी हा उपचार द्यावा का, ही शंका मनात असेल तर ती काढून टाका. वॉशिंग्टन शहरातल्या सामुदायिक दवाखान्यांत झालेल्या 'असेंड' अभ्यासात परिचारिका, सामान्य डॉक्टर आणि तज्ज्ञ या तिघांच्या रुग्णांना सारखाच गुण आल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनाही हा उपचार प्राथमिक पातळीवर द्यावा असं सांगते.

उपचाराआधीच्या मोजक्या तपासण्या

आरएनए पॉझिटिव्ह आला की पुढचा प्रश्न एकच: यकृत किती बिघडलं आहे? त्यावर गोळ्यांचा कालावधी ठरतो आणि इथेच उपचार घ्यायचे की मोठ्या रुग्णालयात जायचं तेही ठरतं.

त्यासाठी रक्ताच्या साध्या तपासण्या पुरतात: हिमोग्राम (त्यातला प्लेटलेटचा आकडा महत्त्वाचा), एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन. रिपोर्टवर एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी असंही छापलेलं असतं. त्याच रक्तातून हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी चाचणी आणि एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. गरोदर असण्याची शक्यता असेल तर लघवीची चाचणी. हे सगळं आरएनएच्याच दिवशी, एकाच सुईत घेता आलं तर एक फेरी वाचली.

यातली हिपॅटायटिस बीची चाचणी कुणी विसरत असेल तर आठवण करून द्या. दोन्ही विषाणू असतील तर सी संपत आला की दबून बसलेला बी उसळी घेऊ शकतो. असे गंभीर प्रकार घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. बी आहे म्हणून सीचा उपचार थांबत नाही. आधी बीचीही दखल घ्यावी लागते इतकंच.

यकृताची अवस्था कळायला पूर्वी पोटातून सुई घालून तुकडा काढत, म्हणजे बायोप्सी करत. आता बहुतेकांना त्याची गरज नाही. एक साधं सूत्र आहे, फिब-4. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या; रिपोर्टवर 1.5 लाख असेल तर सूत्रात 150. समजा वय 50, एसजीओटी 60, एसजीपीटी 64, प्लेटलेट 1.5 लाख. वर 50 × 60 = 3000. 64 चं वर्गमूळ 8, म्हणून खाली 150 × 8 = 1200. उत्तर 2.5.

1.45 पेक्षा कमी आलं तर यकृत बरंच शाबूत असण्याची शक्यता मोठी. 3.25 पेक्षा जास्त आलं तर सिरोसिसचा संशय धरून पुढे जायचं. आपलं 2.5 मधल्या पट्ट्यात येतं. अशा वेळी डॉक्टर दुसरं सूत्र, एप्री, लावून पाहतात: एसजीओटीला त्याच्या सामान्य कमाल मर्यादेने भागा, 100 ने गुणा, मग प्लेटलेटने भागा. कमाल मर्यादा 40 धरली तर 60 ÷ 40 = 1.5, म्हणजे 150 ÷ 150 = 1. सिरोसिसचा संशय 2 च्या वर धरतात. या माणसाला सिरोसिस असण्याची शक्यता कमी आहे, पण सोनोग्राफी सहज होत असेल तर करून घ्यावी. पस्तिशीच्या आतल्या आणि पासष्टीच्या वरच्या लोकांमध्ये फिब-4 तितकं भरवशाचं नसतं. शिवाय हे गणित स्वतः मांडून निष्कर्ष काढण्यासाठी दिलेलं नाही. आपल्या रिपोर्टमधले कोणते आकडे महत्त्वाचे हे कळावं आणि डॉक्टरांशी बोलता यावं, एवढ्यासाठी दिलं.

आता खर्च वाचवायचा भाग. विषाणूचा जीनोटाइप शोधायची चाचणी पूर्वी लागायची; आजच्या गोळ्या सगळ्या प्रकारांवर चालतात, त्यामुळे पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याला ती सहसा लागत नाही. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालं ते बाहेरून मोजणारं यंत्र) चांगली तपासणी आहे, पण ती मिळत नाही म्हणून महिनाभर थांबणं शहाणपणाचं नाही. बायोप्सीचं वर सांगितलंच. उपचार चालू असताना मधेच पुन्हा पुन्हा आरएनए करून घेण्यानेही बहुतेकांच्या उपचारात काहीच बदल होत नाही. "एकदा सगळंच करून टाकू" म्हणून महागडी पॅकेजेस पुढे केली जातात, प्रत्येक चाचणीला एकच प्रश्न विचारा, "याच्या निकालाने माझ्या गोळ्या किंवा कालावधी बदलणार आहे का?" उत्तर नाही असेल तर ती तूर्त राहू द्या.

कुणी थेट मोठ्या रुग्णालयात जावं

पोटात पाणी झालं असेल, डोळे पिवळे असतील, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली असेल, माणूस बरळत असेल किंवा दिवसाउजेडी पेंगत असेल, तर यकृत थकलं आहे. हे छोट्या दवाखान्याचं काम राहत नाही. रक्ताची उलटी आणि बरळणं यात तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं. याशिवाय आधी या नव्या गोळ्यांचा कोर्स करूनही विषाणू न गेलेले, हिपॅटायटिस बी सोबत असलेले, यकृतात गाठ दिसलेले आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण तज्ज्ञांकडे जावेत. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना, डायलिसिसवर असलेल्यांनाही आता या गोळ्या देता येतात. निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

मुलांना तीन वर्षांच्या पुढे या गोळ्या वजनानुसार देता येतात. गरोदरपणात मात्र सहसा बाळंतपणापर्यंत थांबतात. रिबाव्हिरिन द्यावं लागणार असेल तर गर्भाला त्याचा गंभीर धोका असतो. तेव्हा पती-पत्नी दोघांनीही उपचारादरम्यान आणि नंतर अनेक महिने गर्भधारणा टाळायची असते. नेमका कालावधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गोळ्या कोणत्या आणि किती दिवस

सार्वजनिक दवाखान्यात बहुधा तीनपैकी एक जोडी मिळते.

सोफोसबुव्हिर 400 मिलिग्रॅम आणि डॅक्लॅटासव्हिर 60 मिलिग्रॅम: रोज एकदा. सिरोसिस नसेल तर 12 आठवडे, असेल तर 24.

सोफोसबुव्हिर 400 आणि व्हेलपाटासव्हिर 100, दोन्ही एकाच गोळीत: रोज एक, 12 आठवडे. यकृत अजून नीट काम करत असेल तर सिरोसिस असला तरी तेवढेच.

ग्लेकाप्रेव्हिर आणि पिब्रेन्टासव्हिर: तीन गोळ्या एकदम, रोज, जेवणाबरोबर. सिरोसिस नसेल तर 8 आठवडे. पोटात पाणी वगैरे झालेल्या थकलेल्या यकृताला ही जोडी देत नाहीत.

तिन्ही जोड्यांनी शंभरातले 95 किंवा जास्त लोक बरे होतात. त्यामुळे दवाखान्यात एक मिळते आणि शेजारच्या खासगी डॉक्टरांनी दुसरी सांगितली म्हणून खिशातून पैसे घालू नका. जी फुकट मिळते आणि तुमच्या बाकीच्या औषधांशी जुळते, ती तुमच्यासाठी चांगली.

बाकीच्या औषधांची पिशवी

कोर्स वाया जाऊ शकतो तो इथे, म्हणून जरा थांबून वाचा.

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुव्हिरबरोबर ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. ही जोडी टाळतात. आणि अमिओडॅरोन शरीरात इतकं रेंगाळतं की ते अलीकडेच बंद केलं असलं तरी सांगायला हवं.

क्षयरोगाचं रिफाम्पिसिन, आकडीसाठीची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटल ही औषधं या गोळ्यांचा रक्तातला अंश इतका खाली आणतात की त्या निष्प्रभ होतात. क्षयरोग असेल तर सहसा आधी त्याचा कोर्स पुरा करतात. आकडीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही. डॉक्टर ती बदलून देतील.

अॅसिडिटीच्या गोळ्या आणि व्हेलपाटासव्हिर यांचं जमत नाही, कारण ते औषध विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. साधं अँटासिड असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ओमेप्राझोलसारखी गोळी शक्यतो बंदच. अगदी लागतच असेल तर डॉक्टर वेळ आखून देतील. सोफोसबुव्हिर-डॅक्लॅटासव्हिरला ही अडचण फारशी नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस कमी करावा लागतो किंवा ती तेवढे आठवडे थांबवतात. एचआयव्हीचं एफाव्हिरेन्झ चालू असेल तर डॅक्लॅटासव्हिर 60 ऐवजी 90 मिलिग्रॅम लागतं. एथिनिल एस्ट्राडायोल असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ग्लेकाप्रेव्हिरच्या जोडीबरोबर चालत नाहीत. मधुमेहींची साखर विषाणू कमी होताच उतरू शकते, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासत राहावं.

जडीबुटी आणि 'लिव्हर टॉनिक' कोर्स संपेपर्यंत कपाटात ठेवा. त्यांच्याने हा विषाणू जात नाही, आणि सेंट जॉन्स वर्टसारख्या वनस्पती तर गोळ्यांचा असरच घालवतात.

तीन डब्या, चौऱ्याऐंशी दिवस

गोळ्या सहसा 28 च्या डबीत येतात. 12 आठवड्यांच्या तीन डब्या. शक्य असेल तर तिन्ही एकदम मागा. हा आगाऊपणा नाही. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड, युगांडा आणि अमेरिका या पाच देशांत झालेल्या 'मिनमॉन' अभ्यासात 399 लोकांना सोफोसबुव्हिर-व्हेलपाटासव्हिरच्या सगळ्या 84 गोळ्या पहिल्याच दिवशी दिल्या. जीनोटाइप नाही, मधल्या भेटी नाहीत, मधल्या रक्तचाचण्या नाहीत. चौथ्या आणि बाविसाव्या आठवड्यात फक्त दूरून संपर्क. 95 टक्के लोक बरे झाले. यकृत थकलेले किंवा हिपॅटायटिस बी असलेले लोक त्यात नव्हते, पण बाकीच्यांसाठी हा पुरावा भक्कम आहे. दवाखान्याचा नियम दर महिन्याला एकच डबी द्यायचा असेल, तर डबीत निदान आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची आणायला जा. साठा संपलेला असेल तर हाती वेळ राहतो.

वेळ रोजची एकच ठेवा: सकाळचा चहा, रात्रीचे दात घासणं, काहीही चालेल. विसरलात आणि 18 तासांच्या आत आठवलं, तर लगेच घ्या. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्या, पुढची ठरल्या वेळी घ्या. एकदम दोन घेऊ नका. काही दिवस सलग चुकले तर कोर्स बिघडला असं समजून बसू नका. गोळी पुन्हा सुरू करा, दवाखान्याला कळवा, कालावधी वाढवायचा का ते डॉक्टर ठरवतील. एका घरात दोघांना आजार असला तरी गोळ्या वाटून खायच्या नाहीत. अर्ध्या कोर्सने बरं होण्याची खात्री कुणालाच नसते.

त्रास बहुतेकांना किरकोळ होतो: डोकेदुखी, थकवा, थोडी मळमळ, क्वचित झोप न लागणं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते बहुधा ओसरतं. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं यांत मात्र थांबू नका. सिरोसिस असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या. पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमच्या आत चालतं. दारूमुळे गोळ्यांचं काम अडत नाही, पण यकृत झिजत राहतं, त्यामुळे जितकी कमी तितकी बरी आणि अजिबात नसेल तर उत्तम.

पैशांचं बोलणं

हे बोलणं पहिल्याच भेटीत करा. कोणत्या चाचण्या इथे फुकट होतात, कोणत्या बाहेर कराव्या लागतील, गोळ्या आज शिल्लक आहेत का, पूर्ण कोर्सएवढा साठा आहे का. बहुतेक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत समाजसेवा अधिकारी असतात; शुल्कमाफी, सरकारी योजना, प्रवास-सवलत यांचे कागद त्यांना ठाऊक असतात. डॉक्टरांपेक्षा या कामासाठी तेच उपयोगी पडतात.

गोळ्या बाहेरून विकत घ्यायची वेळ आलीच, तर कंपनीचं नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीत किंवा देशाच्या औषध नियामकाच्या यादीत आहे का ते दवाखान्यातल्या फार्मासिस्टकडून तपासून घ्या. पक्कं बिल, बॅच क्रमांक, मुदत बघा. इंटरनेटवरच्या अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या भावात मिळणारी डबी घेऊ नका. आणि पूर्ण कोर्सचे पैसे हाताशी नसताना पहिली डबी सुरू करू नका. महिनाभर गोळ्या घेऊन थांबणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे.

घरातल्यांसाठी

रेझर, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं यंत्र वेगळं ठेवा. रक्त सांडलं तर हातमोजे घालून ब्लीचच्या द्रावणाने पुसा (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी). वाळलेल्या रक्तातही हा विषाणू बरेच दिवस जिवंत राहू शकतो. भांडी, अंथरूण, संडास वेगळे करायची काहीही गरज नाही, आणि तसं करणाऱ्या घरात रुग्णाला जे सोसावं लागतं ते या विषाणूपेक्षा कमी नसतं. जोडीदाराने एकदा अँटीबॉडी चाचणी करावी. आईला संसर्ग असेल तर मुलांचीही करावी. पण बाळाची अँटीबॉडी 18 महिन्यांनंतरच तपासायची, कारण त्याआधी आईकडून आलेल्या अँटीबॉडीमुळे ती फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. हिपॅटायटिस सीची लस नाही. ए आणि बीची आहे. ती घेतली नसेल तर उपचारादरम्यान घेऊन टाका.

शेवटची चाचणी चुकवू नका

गोळ्या संपल्या म्हणजे बरे झालात असं नाही. शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायचा. तो 'आढळला नाही' आला की संसर्ग बरा झाला. गोळ्या संपताना बरं वाटत असतं, त्यामुळे हीच चाचणी लोक सर्रास टाळतात. गोळ्या सुरू करतानाच तिची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. कधीकधी आरएनए पुन्हा दिसतो. तशांसाठी वेगळा, अधिक ताकदीचा कोर्स असतो आणि तो तज्ज्ञ देतात.

हा शेवटचा रिपोर्ट लॅमिनेट करा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. अँटीबॉडी पुढेही पॉझिटिव्ह येत राहणार. शस्त्रक्रियेआधी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, व्हिसासाठी कुणीतरी पुन्हा ती चाचणी करेल आणि तुम्हाला पुन्हा आजारी ठरवेल. तेव्हा आरएनएचा हा कागद पुढे करायचा.

सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका घटतो, संपत नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी लागेल का, तेही विचारून घ्या. सिरोसिस नसलेल्यांना नंतर यकृताच्या नियमित तपासणीची सहसा गरज नसते.

बरं झाल्यावर शरीरात पुढच्या संसर्गापासून संरक्षण तयार होत नाही. सुई वाटून घेणं किंवा डायलिसिस यांसारखा धोका चालूच असेल तर वर्षातून निदान एकदा आरएनए करा. अँटीबॉडी नको, आरएनएच. आणि मागणीच्या कागदावर तसं लिहिलं आहे ना, ते रक्त देण्याआधी वाचून घ्या.